कंपनीच्या सस्टेनेबिलिटीच्या कामात सेफ्टी कशी बसवायची: शॉप फ्लोअरवरून सांगते

एप्रिलची दुपार होती. आमच्या शेडवर सोलर बसवून जेमतेम दोन महिने झाले होते. मी पार्किंगमधून आत येत होते, सहज वर बघितलं तर एक पोरगा, वीस-एकवीसचा असेल, हातात पाण्याचा पाइप घेऊन पत्र्यावरून चालत पॅनल धूत होता. पायात स्लिपर, कमरेला बेल्ट नाही, लाइफलाइन (तोल गेला तर धरून ठेवणारा दोर) नाही. उजेडासाठी मधेमधे जे पारदर्शक पत्रे टाकतात ना, ते धूळ बसून बाकीच्या पत्र्यांसारखेच दिसायला लागले होते आणि त्यातल्या एकापासून त्याचा पाय हातभर लांब होता. खाली तीस फुटांवर प्रेस शॉप चालू. खालून ओरडले असते तर तो दचकला असता, म्हणून शिडीनं वर गेले, हळू आवाजात म्हटलं "बाळा, आहेस तिथंच बस, उठू नको", मग मेन्टेनन्सवाल्यांकडून फळ्या मागवल्या आणि फळीवरून त्याला उतरवलं. तो ठेकेदाराचा माणूस, कामाचा दुसराच दिवस.

संध्याकाळी मी सोलरची फाइल काढून बसले. वर्षाला किती युनिट वीज वाचणार, किती टन कार्बन कमी होणार, पैसे किती वर्षांत वसूल होणार, सगळं होतं. पॅनल कोण धुणार, कुठून चढणार, पाय कशावर ठेवणार, याची एक ओळ नव्हती. फायनान्सची सही होती, पर्चेसची होती, सेफ्टीची नव्हती कारण त्या फॉर्मवर सेफ्टीचा रकानाच नव्हता. चाकण-तळेगाव पट्ट्यात चौदा वर्षं हे काम करतेय, तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे की पर्यावरणाची फाइल आणि माणसाच्या जिवाची फाइल वेगळी ठेवली की मधल्या फटीत माणूस पडतो. ही फट बुजवायला आम्ही काय काय केलं ते लिहितेय, तुमच्या कंपनीत जसं जमेल तसं घ्या.

आधी माणसं आणि तास नीट मोजा

शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनं 2021 मध्ये बीआरएसआर आणला, म्हणजे कंपनीनं पर्यावरण, माणसं आणि कारभार याबद्दल दर वर्षी द्यायचा रिपोर्ट, आणि 2022-23 पासून मार्केट कॅपनुसार (सगळ्या शेअर्सच्या एकूण किमतीनुसार) पहिल्या 1000 लिस्टेड कंपन्यांना तो सक्तीचा झाला. त्यात नऊ तत्त्वं आहेत, तिसरं तत्त्व कामगारांच्या भल्याचं, आणि सेफ्टीचे बहुतेक प्रश्न तिथंच येतात. एलटीआयएफआर (दुखापतींचा दर, खाली सांगते) किती, नोंद करण्यासारख्या दुखापती किती, मृत्यू किती, कायमची इजा किती. कामगाराला धोका दिसला तर तो कळवायची आणि त्या जागेवरून बाजूला व्हायची सोय आहे का, हे पण विचारलंय, आणि खरं सांगते, मला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच वाटतो. 2023 मध्ये बीआरएसआर कोअर (त्यातल्याच निवडक आकड्यांचा संच) आला, त्यात पण सेफ्टीचे आकडे आहेत, म्हणजे बाहेरचा माणूस येऊन हे आकडे तपासणार.

एलटीआयएफआर म्हणजे दहा लाख तास काम झालं तर किती जणांना दुखापतीमुळे कामावर येता आलं नाही. हिशोब सोपा आहे, घोळ होतो तो तास धरताना. समजा 200 परमनंट आणि 400 कॉन्ट्रॅक्टवाले आहेत, प्रत्येकाचे वर्षाला 2400 तास. परमनंटमध्ये एकही अपघात नाही, कॉन्ट्रॅक्टमध्ये तीन. फक्त परमनंट मोजले तर तुमचा आकडा शून्य. सगळे मोजले तर 14 लाख 40 हजार तासांत तीन, म्हणजे 2.08. आणि फक्त कॉन्ट्रॅक्टवाल्यांचा वेगळा काढला तर 9 लाख 60 हजार तासांत तीन, म्हणजे 3.13 च्या आसपास. कंपनी तीच, वर्ष तेच, आकडे तीन! धोक्याचं काम कोणाच्या वाट्याला येतं हे तिसरा आकडा सांगतो, म्हणून तो वेगळा काढाच. बीआरएसआरमध्ये परमनंट नसलेले कामगार पण येतात, त्यामुळे त्यांना वगळायची पळवाट नाही.

तास कुठून आणायचे? आमच्याकडे ठेकेदाराच्या बिलासोबत हजेरी यायची पण ओव्हरटाइम वेगळ्या कागदावर असायचा आणि तो एचआरकडेच राहायचा. आम्ही गेटच्या पंचिंगचे तास थेट घ्यायला लागलो, मग वाद संपला. दुखापतींसाठी तीन ठिकाणचे कागद शेजारी ठेवा: डिस्पेन्सरीचं रजिस्टर, ईएसआयसीकडे (कामगार विमा महामंडळाकडे) पाठवलेले अपघात रिपोर्ट आणि सेफ्टी डिपार्टमेंटची शीट. पहिल्यांदा हे केलं तेव्हा आमचे तिन्ही कागद जुळत नव्हते. डिस्पेन्सरीत "बोटाला टाके, घरी पाठवला" असं लिहिलेलं आणि आमच्या शीटवर त्या तारखेला काहीच नाही. आणखी एक गोष्ट, माणूस 48 तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही तर अपघात कळवायचा, ही अट जुन्या फॅक्टरी कायद्यात होती आणि नव्या सुरक्षा-आरोग्याच्या संहितेतही आहे, पण एलटीआय (कामाचा वेळ बुडवणारी दुखापत) बरेच जण माणूस दुसऱ्या दिवसाच्या शिफ्टला आला की नाही यावर धरतात, या दोन्ही मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. तुम्ही कोणती धरली ते लिहून ठेवा आणि दर वर्षी तीच धरा.

प्रत्येक ग्रीन प्रोजेक्टला सेफ्टीची सही

हे सगळ्यात जास्त कामाचं आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. सोलरच्या प्रकारानंतर आम्ही कॅपेक्स फॉर्मवर (नव्या मोठ्या खर्चाच्या मंजुरीच्या कागदावर) चार प्रश्न छापून घेतले. याची देखभाल कोण करणार? ते करायला माणूस कुठं चढणार, उतरणार किंवा शिरणार? आत्ता नसलेला कुठला नवा धोका येतोय? तो आवरायचा खर्च याच बजेटमध्ये धरलाय का? चौथ्या प्रश्नावर सगळ्यात जास्त भांडण होतं, आणि ते व्हायला पाहिजे. आमच्या सोलरला चालायचे वॉकवे, लाइफलाइन आणि पारदर्शक पत्र्यांखाली जाळी नंतर बसवली तेव्हा शिफ्ट बंद ठेवावी लागली, पॅनल उचलावे लागले. आधीच केलं असतं तर निम्म्या त्रासात झालं असतं.

दुसरं उदाहरण ईटीपी-एसटीपीचं, म्हणजे कारखान्याचं आणि संडास-बाथरूमचं सांडपाणी साफ करणाऱ्या प्लांटचं. पाण्याचा पुनर्वापर वाढवायचा म्हणून टाक्या वाढतात, गाळ वाढतो, आणि तो गाळ काढायला कोणीतरी आत उतरतं. साठलेल्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड येतो, कुजक्या अंड्यासारखा वास, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं गॅस गेला. एक जण खाली पडला की दुसरा त्याला काढायला उडी मारतो आणि दोघं जातात, हे आपण पेपरमध्ये वर्षानुवर्षं वाचतोय. म्हणून टाकीच्या डिझाइनच्या वेळीच विचारा की माणूस न उतरवता गाळ काढता येईल का, पंप बाहेरून ओढून काढता येईल का. तरीही उतरावंच लागलं तर वर्क परमिट (कामाची लेखी परवानगी), गॅस मीटरनं ऑक्सिजन आणि विषारी गॅस तपासणं, ब्लोअर, हार्नेस (अंगाला बांधायचा पट्टा), ट्रायपॉड (माणसाला वर ओढायची तिपाई), आणि बाहेर एक माणूस ज्याचं काम फक्त बघत राहणं. त्या माणसाला चहा आणायला पाठवायचं नाही, काही झालं तरी नाही.

वीज वाचवायच्या मोहिमेत पण लक्ष ठेवा. एका उन्हाळ्यात आमच्याकडे एनर्जी टीमनं वेल्डिंग लाइनवरचे दोन एक्झॉस्ट फॅन "जास्तीचे" म्हणून बंद केले. युनिट वाचले, पण धूर साचायला लागला आणि डिस्पेन्सरीत खोकल्याच्या नोंदी वाढल्या. फॅन परत चालू केले. बॅटरीवरचे फोर्कलिफ्ट आणले की डिझेलचा धूर जातो हे चांगलंच आहे, पण लेड-अॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, त्यामुळे चार्जिंगची जागा हवेशीर पाहिजे आणि जवळपास वेल्डिंग-ग्राइंडिंग चालणार नाही.

उलट काही कामं अशी आहेत की एकाच खर्चात दोन्ही साधतं, सुरुवात त्यांनीच करा म्हणजे मॅनेजमेंट लवकर सोबत येतं. कॉम्प्रेस्ड एअरचे लीकेज बुजवा, वीज वाचते आणि शॉपमधला तो सततचा सूंऽऽ आवाज कमी होतो (आपल्याकडे आठ तासांची मर्यादा 90 डेसिबल आहे, प्रेस शॉप सहज तिथं पोचतं). हायड्रॉलिक ऑइलची गळती थांबवा, घातक कचरा कमी होतो आणि घसरून पडणं थांबतं. छताला इन्सुलेशन करा, मे महिन्यात ऑपरेटरचा जीव हैराण होत नाही आणि कूलिंगचा लोड पण उतरतो. आमच्याकडे लीकेजच्या कामाचा रिपोर्ट एनर्जी आणि सेफ्टीनं मिळून एकाच पानावर दिला, तेव्हापासून डायरेक्टर साहेब दर वेळी दोन्ही बाजू विचारतात.

मीटिंग एक, रजिस्टर एक

आयएसओ 14001 (पर्यावरणाचं) आणि 45001 (कामगारांच्या सुरक्षा-आरोग्याचं) दोन्ही असतील तर त्यांचा सांगाडा सारखाच आहे, कलम 4 ते 10. दोन ऑडिट, दोन रजिस्टर, दोन मॅनेजमेंट रिव्ह्यू ठेवायची गरज नाही. आम्ही एकच शीट केली, प्रत्येक कामासमोर दोन रकाने: पर्यावरणाला काय होतं आणि माणसाला काय होतं. पेंट शॉपच्या ओळीत थिनर लिहिला की एकीकडे हवेत जाणारी वाफ आली, दुसरीकडे श्वासातून जाणारी वाफ आली, आणि मग वॉटर-बेस्ड पेंटचा विषय आपोआप निघतो. मास्कचा नंबर शेवटी. आधी धोका काढून टाकता येतो का, मग बदलता येतो का, मग मशीनवर उपाय, मग पद्धत आणि सगळ्यात शेवटी पीपीई, म्हणजे मास्क, हातमोजे वगैरे. ही उतरंड सगळ्यांना पाठ असते, पण ऑर्डर निघते ती हातमोज्यांची.

सेफ्टी कमिटीत कामगारांची माणसं पाहिजेत आणि त्यात कॉन्ट्रॅक्टवाले पण. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रम संहिता लागू झाल्या, त्यातल्या सुरक्षा-आरोग्याच्या संहितेत सेफ्टी ऑफिसरसाठी कारखान्याची मर्यादा 1000 वरून 500 कामगारांवर आली आहे, धोकादायक प्रक्रिया असेल तर 250. राज्याचे नियम आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या सूचना बघून घ्या. पण कायद्याच्या आकड्याखाली असाल तरी कमिटी करा, कोणी अडवत नाही.

शून्याचा बोर्ड आणि बोनस

गेटवर "अपघाताविना इतके दिवस" असा बोर्ड असतो. त्याला बोनस जोडू नका, कळकळीनं सांगते. बोनस जोडला की अपघात थांबत नाहीत, सांगणं थांबतं. बोट कापलेला माणूस खिशात हात घालून घरी जातो कारण पूर्ण लाइनचं बक्षीस जाईल याची त्याला भीती असते. त्याऐवजी हे मोजा: किती नियर मिस (थोडक्यात टळलेले अपघात) कळवले, त्यातले किती पंधरा दिवसांत निस्तरले, किती मशीनचे इंटरलॉक (गार्ड उघडला की मशीन थांबवणारी सोय) तपासले, किती वेळा कामगारानं काम थांबवलं. आमच्याकडे एका ऑपरेटरनं प्रेसच्या टू-हँड बटणातलं (दोन्ही हातांनी दाबली तरच प्रेस चालते, म्हणजे हात आत राहत नाही) एक बटण रबराची पट्टी लावून दाबून ठेवलेलं सापडलं. सुपरवायझर मेमो काढायला निघाला होता. मी त्या पोराशेजारी तासभर उभी राहिले. बटणं खांद्याच्या उंचीवर, ताशी टार्गेट इतकं की दोन्ही हात दर वेळी वर नेले तर पूर्णच होत नाही. पट्टी काढली, बटणं खाली घेतली, लाइट कर्टन (हात आत गेला की प्रेस थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) लावला, टार्गेट पुन्हा काढलं. मेमो काढला असता तर पट्टी आठ दिवसांत दुसऱ्या मशीनवर दिसली असती.

पुरवठादार

बीआरएसआरमध्ये व्हॅल्यू चेनमधल्या (माल पुरवणाऱ्यांपासून घेणाऱ्यांपर्यंतच्या साखळीतल्या) किती पार्टनरांची सेफ्टी तपासली हे पण विचारलंय. ऑटो पार्ट्समध्ये खरी बोटं जातात ती खालच्या थरात, भोसरी-तळवड्याच्या छोट्या शेडमध्ये, जुन्या पॉवर प्रेसवर. तिथं चाळीस पानांची प्रश्नावली पाठवू नका, मालक टिकमार्क करून परत पाठवतो. स्वतः जा आणि तीन गोष्टी बघा: प्रेस किती, त्यातल्या किती प्रेसवर गार्ड किंवा सेन्सर चालू आहे, आणि रात्रपाळीला जखम झाली तर दवाखान्यात कोण नेतं. मग पर्चेसवाल्यांसोबत बसा, कारण दर वर्षी पीसमागे पैसे कापायचे आणि वर गार्ड का नाही विचारायचं, हे त्या मालकाच्या तोंडावर बोलायची मला लाज वाटली होती. आम्ही सहा व्हेंडरांना सेन्सरचा खर्च रेटमध्ये धरून दिला, अट एवढीच की आमचा माणूस न सांगता येऊन प्रेस चालवून बघणार. दोन ठिकाणी सेन्सर बायपास केलेला सापडला. त्यांची ऑर्डर तोडली नाही, पण त्या प्रेसवरचं आमचं काम त्याच दिवशी थांबवलं आणि सेन्सर चालू झाल्यावरच परत दिलं.

तो सोलरवाला पोरगा आता आमच्याच मेन्टेनन्समध्ये आहे. पॅनल धुवायचा परमिट त्याच्याकडूनच जातो, आणि वॉकवेचा एक बोल्ट जरी ढिला दिसला तरी तो सही करत नाही.