वर्ग लावणीला आणायचा असेल तर

शेतावर सहल आणायची म्हणून शिक्षकांचे फोन येतात ते दिवाळी झाल्यावर. तोवर आमच्या मळ्यात कापलेल्या भाताची धसकटं उरलेली असतात. मुलं बांधावरून एक फेरी मारतात, नारळाखाली डबा खातात, बैलाबरोबर फोटो काढतात आणि गाडीत बसतात. जरूर यावं, पण त्याला शेती शिकणं म्हणू नये. शेती बघायची तर जुलैत या, आणि एकच काम करायला या: भाताची लावणी. पावसच्या बाजूला आमची थोडी भातशेती आणि आंब्याची कलमं आहेत. रत्नागिरीतल्या शाळांचे वर्ग आमच्याकडे येतात. फोनवर जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

पहिली गोष्ट तारखेची. मृगात पेरणी झाली की साधारण 21 ते 25 दिवसांनी रोप लावणीला येतं, म्हणजे जुलैचा पहिला-दुसरा आठवडा. पण पाऊस लांबला तर सगळंच लांबतं. त्यामुळे मुख्याध्यापकांकडून एका तारखेची नाही, आठवड्याची परवानगी काढून ठेवा. पालकांच्या संमतीपत्रातही तसंच लिहा. पाऊस पडतोय म्हणून सहल रद्द करू नका, लावणी पावसातच होते. हवामान खात्याचा रेड अलर्ट असेल तर मात्र येऊ नका. त्या दिवशी बहुधा शाळांना सुट्टीच असते म्हणा.

गाडी एसटीची केलीत तर आगारात आधी जाऊन शालेय सहलीच्या सवलतीचं विचारा. आणि ड्रायव्हरला सांगून ठेवा की गाडी फाट्यावरच थांबेल. वाडीच्या रस्त्याला मोठी गाडी वळत नाही, पुढे चालायचं.

आता पैशाचं, कारण हे कुणी आपणहून विचारत नाही. लावणीच्या दिवसांत बायकांची मजुरी चालू असते, पॉवर टिलर तासावर असतो. चाळीस मुलं मळ्यात उतरली की आमचं काम अडतं. म्हणून शेतकऱ्याशी आधी बोला आणि ठरलेली रक्कम त्याच दिवशी हातात द्या. मुलांसाठी एक गुंठ्याचा कोपरा वेगळा मागा, चिखलणी करून तयार ठेवलेला. त्यातली लावणी वाकडी झाली तरी चालते, आठवड्याने आम्ही नांगे भरून घेतो, म्हणजे मोकळ्या राहिलेल्या जागी पुन्हा रोपं लावतो.

त्या एका गुंठ्यात गणिताचा तासही होतो. आम्ही चारसूत्री पद्धतीने लावतो: दोरीवर 15 आणि 25 सेंटिमीटर अशा आलटून पालटून खुणा, दोन ओळींतलं अंतरही तसंच. म्हणजे 40 बाय 40 सेंटिमीटरच्या चौकोनात चार चूड (चूड म्हणजे एका जागी एकत्र लावलेली दोन-तीन रोपं). मुलांना बांधावर बसवून विचारा, गुंठ्यात किती? गुंठा सुमारे 101 चौरस मीटर, म्हणजे अडीच हजारांच्या आसपास चूड, चाळीस मुलांत प्रत्येकी साठ-पासष्ट. ऐकताना थोडे वाटतात, विसाव्या चुडाला कंबर बोलायला लागते. 15 सेंटिमीटरवरच्या चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपी खताची एक गोळी खोचतात, 2.7 ग्रॅमची. हातमोजे घालून हे मोठ्या मुलांना करू द्या. खत वरून फेकलं तर पाण्याबरोबर निघून जातं, चिखलात पुरलेलं टिकतं. ते फळ्यावर सांगण्यापेक्षा इथे लवकर समजतं.

कामाची सुरुवात मात्र आवण, म्हणजे लावणीची रोपं, काढण्यापासून करा, थेट लावणीला उतरवू नका. रोप मुळाजवळ धरून ओढायचं. शेंडा धरला की तुटतं. मुळांचा चिखल पाण्यात झटकायचा, मूठभर झालं की पेंढी बांधायची. मग लावणी: दोन-तीन काड्या, अंगठा आणि दोन बोटांनी, दोन-तीन सेंटिमीटर खोल, सरळ. मागे मागे सरकत जायचं. स्वतःच्या पावलाच्या खड्ड्यात रोप लावायचं नाही, ते पाण्यावर तरंगत वर येतं. हे सगळं शिक्षकांनी शिकवू नये. आमच्याकडे लावणीला येणाऱ्या आजी आहेत, त्यांच्या शेजारी मुलांना उभं करा. त्या ओरडतील, ओरडू द्या. बाई, तुम्हीही मळ्यात उतरा. बांधावर छत्री घेऊन उभ्या राहिलेल्या बाईंचं मुलं ऐकत नाहीत.

छत्र्या खरं तर आणूच नका, दोन्ही हात मोकळे हवेत. रेनकोट किंवा डोक्यावरून प्लॅस्टिकची खोळ पुरते. कुणाकडे जुनं इरलं असेल तर एकेकाला घालून बघू द्या. जीन्स नको, हाफ पँट किंवा सलवार. कोरड्या कपड्यांचा दुसरा जोड गाडीत. चपला बांधावर काढायच्या, चिखल त्या गिळतो. मुलींसाठी बाथरूमची आणि कपडे बदलायची सोय आहे का, हे फोनवरच विचारा.

मळ्यात उतरण्याआधी प्रत्येकाचे पाय बघा. इथे मी कुणाचं ऐकत नाही. जखम, चिरलेली टाच, खरूज असलेलं मूल चिखलात उतरणार नाही. उंदरांच्या आणि गुरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून जखमेवाटे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो, आणि कोकणात पावसाळ्यात तो होतोच. अशा मुलांना दोरी धरायला, मोजायला, नोंदी लिहायला बसवा. काम झाल्यावर सगळ्यांनी साबणाने पाय धुवायचे. पुढच्या तीन-चार आठवड्यांत कुणाला ताप आला तर पालकांनी डॉक्टरांना चिखलात उतरल्याचं सांगावं. दुसरी भीती फुरशाची, या विषारी सापाची. जांभ्या दगडाच्या गडग्यावर (कुंपणाच्या भिंतीवर) बसायचं नाही, दगडांच्या फटीत हात घालायचा नाही. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचं प्रतिविष आहे का, ते आदल्या दिवशी फोन करून विचारा. 108 नंबर सगळ्या शिक्षकांना पाठ हवा.

जेवायला आमच्याकडे उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी, तांदळाची भाकरी आणि टाकळ्याची भाजी असते. पुड्यातली वेफर्स घरी ठेवा.

दुपारी मुलांना मजूर बायकांशी बोलू द्या. मजुरी किती, तुमची मुलं शेती करतात का, शेजारचा मळा पड का? माकडांनी आणि रानडुकरांनी किती खाल्लं हेही कळेल. ‘शेतीचे महत्त्व’ असा निबंध कृपा करून देऊ नका. एका मळ्याचा हिशोब लिहायला सांगा, खर्च किती आणि भात किती.

तोच वर्ग ऑक्टोबरात कापणीला आणता आला तर हिशोबाचा दुसरा अर्धा भाग मिळेल. विळा आठवीच्या वरच्यांच्या हातात, लहानांनी पेंढ्या गोळा करायच्या. तेव्हा दुपारनंतर विजा होतात, म्हणून सकाळी सातला पोचा आणि दोनच्या आत घरात या. कापणीचा दिवस मी आठवडाभर आधी कळवते. त्याआधी विचारलंत तर ‘भात पिकलं की’ एवढंच सांगेन.