दिवाळी अंक योजना: अनोळखी वाचकासाठीची तयारी

2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे दिवाळी लांबली आहे. लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, म्हणजे दिवाळी अंक योजनेच्या (वर्गणी आणि अनामत भरून फेब्रुवारीअखेर हवे तितके अंक वाचायला न्यायचे) तयारीला वाचनालयांच्या हाती गेल्या वर्षापेक्षा अडीच आठवडे जास्त. बहुतेक ठिकाणी ते अंकांच्या याद्या करण्यात आणि विक्रेत्याशी सवलतीवरून घासाघीस करण्यात जातील. ती कामं करायचीच आहेत. पण तालुक्याच्या गावात अनोळखी माणूस स्वतःहून वाचनालयाची पायरी चढतो असा मोसम वर्षातून हा एकच येतो, आणि आपली सगळी तयारी असते जुन्या सभासदांच्या सोयीची. त्यांना दंड किती ते माहीत असतं, कोणता अंक कधी येतो तेही आपल्याआधी माहीत असतं. त्यांच्यासाठी फार काही करावं लागत नाही. पुढची तयारी आहे ती आजवर आपल्याकडून एकही पुस्तक न नेलेल्या माणसासाठी.

हा माणूस कोण, हे गणपती संपले की लगेच ठरवा. सुरुवात आपल्याच इमारतीपासून करा. ‘नवे वाचक आणायचे कुठून’ हा विषय कार्यकारी मंडळाच्या बैठकीत दरवर्षी निघतो, आणि तेव्हा वरच्या मजल्यावर अभ्यासिकेत एमपीएससी, तलाठी, पोलीस भरतीची तयारी करणारी मुलंमुली सकाळपासून रात्रीपर्यंत बसलेली असतात. कोणत्या पंख्याला आवाज आहे आणि कोणत्या खिडकीतून ऊन येतं ते त्यांना पाठ असतं. देवघेव विभागात मात्र त्यांतलं कुणी येत नाही. ही मुलं वाचत नाहीत असं कुणी म्हणू नये, दिवसाचे दहा-दहा तास वाचतात. अडचण अपराधीपणाची आहे. घरून पैसे मागवून खोली घेऊन राहायचं आणि कथा वाचत बसायचं, हे त्यांना मनातून पटत नाही. त्यांना योजनेची वर्गणी भरायला सांगू नका. पाण्याच्या फिल्टरजवळ एक छोटं रॅक ठेवा, त्यात दहा-बारा अंक, गेल्या वर्षीचेही चालतील. नोंद नाही, पैसे नाहीत, चहाच्या सुट्टीत उभ्याउभ्या चाळायचं. एखाद्याला लेख अर्धवट सोडवेनासा झाला तर अभ्यासिकेच्याच ओळखपत्रावर अंक एका रात्रीपुरता न्यायची मुभा द्या. आणि त्या रॅकवर ‘स्पर्धा परीक्षेसाठी उपयुक्त’ अशी पाटी लावायचा मोह आवरा. उपयुक्त वाचून वाचूनच ती पोरं आंबलेली असतात.

दुसरा गट दुपारच्या वेळचा. वाचनालय सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ, हे वेळापत्रक कुणी कधी केलं कोण जाणे, पण ते करताना घरात स्वयंपाक कुणाकडे असतो याचा विचार झालेला नाही. घर सांभाळणाऱ्या बाईला निवांत वेळ मिळतो तो दोन ते चार, आणि तेव्हा आपल्या दाराला कुलूप असतं. रोज नाही जमलं तरी आठवड्यातून दोन दुपारी वाचनालय उघडा. हे दिवाळीत नको, नवरात्रापासूनच सुरू करा, म्हणजे दिवाळीपर्यंत वेळ सगळ्यांच्या कानावर गेलेली असते. त्या बदल्यात कर्मचाऱ्याला सकाळची सुट्टी द्यायची हेही आधीच ठरवून ठेवा. ग्रंथालय सेवकांचे पगार पाहिले तर ‘जरा जास्त थांबा की’ असं म्हणायची लाज वाटली पाहिजे.

तिसरा गट बदलीवर आलेल्यांचा: बँकेतले, शाळेतले, सरकारी दवाखान्यातले. वाचनाची सवय असलेला हा माणूस हमखास सभासद झाला असता, तो अडतो आपल्या अर्जापाशी. अनेक जुन्या वाचनालयांच्या अर्जावर अजून विद्यमान सभासदाची शिफारस आणि सही मागतात. गावात नव्याने आलेल्याने ती सही कुणाकडून आणायची? योजनेपुरती ही अट काढून टाका. अनामत रक्कम घेतोच आहोत, तेवढा जामीन पुरे. अर्ज एका पानाचा करा: नाव, पत्ता, फोन, आणि ‘काय वाचायला आवडतं’ यासाठी एक ओळ. ती रिकामी सोडली तरी चालेल असं तोंडी सांगा. वर्षानुवर्षं न वाचलेल्या माणसाला हा प्रश्न परीक्षेसारखा वाटतो.

पैशांचं गणित फलकावर उघड लिहा. आता बऱ्याच दिवाळी अंकांवर 300-400 रुपये किंमत असते. योजनेची वर्गणी एखाद-दुसऱ्या अंकाच्या किमतीइतकी ठेवली, तर ‘एवढ्यात फेब्रुवारीअखेर हवे तितके अंक’ हे कुणालाही पटतं. घोडं अडतं ते अनामत रकमेवर. वर्गणी गेली तर गेली, पण अनामत परत मिळायला खेटे घालावे लागतात असा लोकांचा समज आहे, आणि तो उगीच झालेला नाही. तेव्हा पावतीवरच परत करण्याची तारीख छापा आणि त्या तारखेला रोकड तयार ठेवा. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांचं अनुदान अ, ब, क, ड या वर्गाप्रमाणे येतं, त्यात फार हात हलवता येत नाही. योजनेतून जमतो तो पैसा आपल्या अखत्यारीतला, त्यातला थोडा पुढच्या वर्षीच्या दोन-दोन प्रतींसाठी बाजूला काढा.

आता खरेदी. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून या प्रकाराचं बळ एकाच गोष्टीत आहे: एका बांधणीत सगळं थोडंथोडं. वाचन सुटलेल्या माणसाला चारशे पानी कादंबरीची धास्ती वाटते. सहा पानी कथेची, व्यंगचित्राची, एखाद्या प्रवासवर्णनाची वाटत नाही. म्हणून यादी करताना फक्त स्वतःच्या आवडीचे वाङ्मयीन अंक मागवू नका. ‘मौज’ आणि ‘साधना’ हवेतच, पण रहस्यकथांसाठी ‘धनंजय’ हवा, विनोदासाठी ‘आवाज’ हवा, पाककृतींचे हवेत, आरोग्याचे हवेत, आणि हो, राशिभविष्याचेही हवेत, तेही दोन-दोन प्रती. राशिभविष्याला नाक मुरडणारे ग्रंथपाल पुष्कळ आहेत. पण भविष्य बघायला आलेली व्यक्ती आपली रास पाहून झाल्यावर अंक लगेच मिटत नाही, पुढची पानं उलटते. लहानांसाठी बालभारतीचा ‘किशोर’ 1971 पासून निघतो, त्याची किंमतही परवडणारी असते. तो चांगला चार-पाच प्रतींत घ्या. सुट्टीत मूल एकटं येत नाही, त्याला सोडायला मोठं माणूस येतं आणि मूल अंक निवडेपर्यंत थांबतं. त्या वेळेत त्याच्या हाताशी काय ठेवलंय, याला महत्त्व आहे.

प्रतींच्या वाटपाचा प्रश्न सगळ्यात नाजूक. शंभर अंक आणले तरी मागणी असते वीस-पंचवीसांना, आणि ते पहिल्याच संध्याकाळी जुने सभासद नेतात. तिसऱ्या दिवशी धीर करून आलेल्या नव्या माणसासमोर उरतात ते जाहिरातींनी फुगलेले अंक. तो एक नेतो, परत आणतो आणि पुन्हा दिसत नाही. यावर उपाय एकच: रोज आठ-दहा चांगले अंक संध्याकाळी सातपर्यंत फक्त पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी बाजूला ठेवायचे. जुने सभासद कुरकुर करतील, करू द्या. त्याहून अवघड आहे ते पदाधिकाऱ्यांना आवरणं. ‘तो अंक बांधणीला गेलाय’ असं काउंटरवर ऐकू आलं, की तो बहुधा कुणाच्या तरी दिवाणखान्यात असतो. नियम सगळ्यांना सारखा, असा ठराव बैठकीत करून इतिवृत्तात नोंदवून घ्या; तोंडी ठरलेलं वसुबारसेपर्यंतही टिकत नाही.

अंक हाती आले की दाखल नोंद, शिक्का, क्रमांक ही नेहमीची कामं. फक्त शिक्का मुखपृष्ठावरच्या चेहऱ्यावर मारू नका आणि खाकी कव्हर घालू नका. एकसारखे खाकी गठ्ठे पाहून कुणाचाही हात पुढे होत नाही. थोडे पैसे जास्त गेले तरी पारदर्शक कव्हर घ्या. मधोमध पिना मारलेले अंक चार हातांतून गेले की सुटतात, ते आधीच दोऱ्याने शिवून घ्या. ‘आवाज’च्या खिडकीचित्रांच्या (घडी उघडून आतलं पाहायच्या चित्रांच्या) घड्या आतून पारदर्शक पट्टीने पक्क्या करा, आणि अंक परत येताना खिडक्या मोजून घ्या.

यापुढचं काम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं आणि नेमकं तेच कुठे होताना दिसत नाही. प्रत्येक अंकाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवा: या अंकात आधी काय वाचावं, कोणत्या पानावर. तीन ओळी पुरेत. ‘पान 84 वरची कथा एका बैठकीत होते. मुलाखत मोठी आहे पण सोडू नका.’ तीनशे पानांच्या अंकात जाहिराती ओलांडत चांगल्या मजकुरापर्यंत पोचायचं कसब मुरलेल्या वाचकाकडे असतं, नव्याकडे नसतं. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतो. त्याची याहून स्वस्त अंमलबजावणी मला ठाऊक नाही. चिठ्ठ्या एकट्या ग्रंथपालाने लिहायच्या नाहीत. मुरलेल्या सभासदांना हे काम द्या, अंक आधी वाचायला मिळण्याची त्यांची हौसही त्यात भागते आणि राखीव अंकांबद्दलचा रुसवाही जरा कमी होतो.

प्रसिद्धीसाठी पत्रक छापून वर्तमानपत्रातून घरोघरी टाकायचं, हे अजूनही चालतं. त्यावर ‘वाचाल तर वाचाल’ लिहू नका. तीच जागा वेळ, वर्गणी, अनामत, सोबत काय आणायचं आणि जिना कुठून आहे हे सांगायला वापरा. वाचनालय म्हणजे सभासदांची खासगी जागा, आपल्याला आत जाता येतं की नाही कोण जाणे, असं वाटणारी माणसं आपल्या कल्पनेपेक्षा खूप आहेत. ‘कुणीही या, नुसतं बघायलाही या’ हे वाक्य ठळक हवं. सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर मुखपृष्ठांचे आणि अनुक्रमणिकांचे फोटो टाका. अख्ख्या कथेचे फोटो किंवा पीडीएफ फिरवू नका. ज्यांच्या अंकांवर आपली योजना चालते त्यांचंच नुकसान आपण करायचं नसतं. दाराबाहेर फळा असेल तर उत्तमच: आज कोणते अंक आले, त्यात काय आहे, रोज दोन ओळी, सुवाच्य अक्षरात.

15 ऑक्टोबर हा डॉ. कलाम यांचा जन्मदिवस, 2015 पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात. शाळा-महाविद्यालयांत त्या दिवशी भाषणं होतात, फोटो निघतात. यंदा तो नवरात्रात येतोय. प्राचार्यांना भाषणाऐवजी व्हरांड्यात एक टेबल मागा, त्यावर गेल्या वर्षीचे अंक मांडा आणि अर्जांचा गठ्ठा ठेवा. शिक्षक आधी येतील, मुलं मागून.

काउंटरवर पहिल्या आठवड्यात कोण बसणार, हे नीट ठरवा. सगळ्यात ज्येष्ठ माणूस बसवतात, त्याच्याभोवती ओळखीचे जमतात, गप्पा रंगतात आणि नवा माणूस दाराशी उभा राहून परत जातो. काउंटरवर एक आणि रॅकपाशी मोकळा एक, अशी दोन माणसं हवीत. ‘सभासद आहात का?’ हा पहिला प्रश्न नको. ‘या, बघा’ पुरे. कुणी फार दिवसांत काही वाचलं नाही म्हणालं तर ‘अरेरे’ म्हणू नये, एखादा पातळसा अंक हातात द्यावा.

भाऊबीजेसाठी भेट सभासदत्वाची वेगळी पावती छापून ठेवा, बहिणीच्या नावाने भावाने पैसे भरायचे. बाकी कंदील, रांगोळी, उद्घाटनाला पाहुणा यावर माझं काही म्हणणं नाही. हौस असेल तर करा.

नवा वाचक टिकतो की जातो ते जानेवारीत ठरतं, त्याची तयारीही आत्ताच हवी. अंकांच्या अनुक्रमणिका घेऊन बसा आणि त्यातल्या लेखकांची कोणती पुस्तकं आपल्या कपाटात आहेत ते टिपून ठेवा. 14 ते 28 जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा असतो. त्या दिवसांत ही पुस्तकं दिवाळी अंकांच्या शेजारीच मांडा. कथा आवडली म्हणून अंक परत करताना दोन शब्द बोलून जाणाऱ्याला त्याच लेखकाचा संग्रह तिथल्या तिथे दाखवता आला पाहिजे. देवघेवीच्या नोंदीही उपयोगी पडतात: कुणी लागोपाठ रहस्यकथांचे अंक नेले, कुणी फक्त प्रवासाचे, ते पाहून फोन करा. फोनवर योजना समजावून सांगू नका, एका पुस्तकाचं नाव घ्या आणि ते तुमच्यासाठी काढून ठेवलंय म्हणा.

अनामत परत करण्याची तारीख 27 फेब्रुवारीच्या, म्हणजे मराठी भाषा गौरव दिनाच्या आसपास ठेवा. ज्याला पैसे हवेत त्याला तिथेच मोजून द्या, ‘राहू द्या की वर्षभरासाठी’ असा आग्रह करू नका. ज्याला राहायचं असेल त्याच्यासाठी ती अनामत नियमित सभासदत्वात वळवायचा अर्ज टेबलावर असू द्या. मग जास्तीच्या आणि फाटक्या प्रती ठराव करून नोंदीतून कमी करा, पण रद्दीत घालू नका. केशकर्तनालयं, दवाखान्यांची प्रतीक्षागृहं, एसटी स्थानकातला चौकशी कक्ष, पिठाची गिरणी, जिथे जिथे माणसं ताटकळत बसतात तिथे दोन-दोन अंक ठेवून या. मुखपृष्ठावर वाचनालयाचं नाव, पत्ता आणि दुपारी उघडं असण्याचे दिवस छापलेली पट्टी चिकटवलेली असावी.