पूरग्रस्तांच्या शिबिरात पहिल्यांदा जाताय?

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला. पाणी ओसरल्यावर मी परंडा तालुक्यातल्या एका आरोग्य शिबिरात गेले. नर्सिंग नुकतंच झालेलं. पिशवीत बँडेज, टाक्यांचं सामान, सलाईनचे सेट. टाके घालायची वेळ एकदाच आली.

आमच्यातल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी किल्लारीच्या भूकंपात काम केलं होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या जाड भिंती झोपेतल्या माणसांवर कोसळल्या होत्या. तिथे मोडलेली हाडं होती, चिरडलेले हातपाय होते. पुराचं तसं नसतं. इथे चिखल्या, जुलाब, ताप, सर्पदंश, आणि सगळ्यात जास्त म्हणजे वाहून गेलेली रोजची औषधं.

शाळेच्या व्हरांड्यात एका आज्जींनी पदराची गाठ सोडून गोळ्यांचं चिखलानं माखलेलं पाकीट माझ्या हातात दिलं. ‘आठ दिस झाले माय, गोळी न्हाई. डोकं गरगरतंय.’ बीपी १९०/११०. पाकिटावरच्या नावातलं फक्त शेवटचं ‘डिपिन’ वाचता येत होतं. मला वाटलं, अम्लोडिपिनच असणार. डॉक्टरांनी थांबवलं. निफेडिपिनचा शेवटही तोच. आशाताईंनी वही उघडली, आज्जींचं नाव काढलं, गोळी आणि डोस कळला. ती वही कोरडी राहिली हे त्या गावाचं केवढं भाग्य, हे मला तेव्हा समजलं.

म्हणून नव्याने जाणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हे, की थेट गावात उतरू नका. आधी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात भेटा, ते सांगतील तिथेच जा. सोबत आशाताई हवीच. आणि माणूस समोर बसला की ‘काय होतंय?’ एवढ्यावर थांबू नका. ‘रोजची कुठली गोळी चालू होती?’ हेही विचारा. शुगरची, फिट्सची, टीबीची गोळी बंद पडलेला माणूस स्वतःहून सांगत नाही. घर गेलेलं असताना गोळीचं काय बोलायचं, असं त्याला वाटतं. इन्सुलिन आणि डायलिसिसवाल्यांची यादी त्याच दिवशी वर कळवा.

ओआरएसचं पाकीट नुसतं हातात देऊ नका. लिटरभर शुद्ध पाण्यात पूर्ण पाकीट, २४ तासांत संपवायचं, हे करून दाखवा. साप चावला तर आवळून बांधणं नाही, कापणं नाही. माणसाला हलू न देता १०८ ला फोन. लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची, गोळी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय वाटायची नाही.

दोन दिवसांनी आज्जींचं बीपी १६८ वर आलं. आशाताईंच्या वहीत आकडा लिहिला आणि मी पुढच्या मावशींना विचारलं, ‘मावशी, रोजची कुठली गोळी चालू होती?’