बाळंतपणाला माहेरी निघण्याआधी कागदपत्रांची तयारी

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडे रीतच आहे, आणि पोरीला आईच्या हाताखाली आराम मिळतो हे खरंच, पण नोंदी सगळ्या सासरच्या गावात आणि बाळ जन्मतं दुसऱ्या तालुक्यात, म्हणून हक्काच्या योजना मधेच लटकतात. तेव्हा ओटीभरण झालं की बॅग भरायच्या आधी हे बघून घ्या.

सगळ्यात आधी नाव. आधारवर माहेरचं, पासबुकावर सासरचं, रेशनकार्डात अजून चढलेलंच नाही आणि दवाखान्याच्या कार्डावर सिस्टरने विचारलं तेव्हा घाईत सांगितलं ते, असं असेल तर कुठलाच अर्ज पुढे सरकत नाही. आधारवर जे आहे तेच सगळीकडे लावा, आणि आधारच बदलायचं असेल तर दिवस गेल्याचं कळल्यावर लगेच बदला, नवव्या महिन्यात त्या रांगेत उभं राहणं काही खरं नाही. डिलिव्हरीला अ‍ॅडमिट होताना पण तोंडी नाव सांगू नका, आधारची झेरॉक्सच द्या, कारण तिथे जे लिहिलं जातं तेच पुढे बाळाच्या जन्मदाखल्यावर येतं.

दुसरं बँक खातं. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात, ३,००० आणि २,००० अशा दोन हप्त्यांत, आणि दुसरं बाळ मुलगी झाली तर ६,००० एकदम, पण हे पैसे आधारला डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा व्हायला, जे खातं जोडलेलं आहे त्याच खात्यात पडतात. बऱ्याच जणींचं कॉलेजात स्कॉलरशिपसाठी काढलेलं जुनं खातं जोडलेलं असतं, इकडे नव्या पासबुकात काहीच दिसत नाही आणि तिकडे पैसे येऊन पडलेले. बँकेत जाऊन डीबीटीसाठी कुठलं खातं जोडलंय ते विचारून या. नवऱ्याचं आधार आता सक्तीचं नाही, त्यामुळे जी एकटी आहे तिनेही मागे राहू नये.

तिसरं मोबाईल नंबर, आणि हा स्वतःचाच द्या बायांनो. अंगणवाडीतला घरी न्यायचा आहार घ्यायला आता सेविकेच्या फोनवरच्या पोषण ट्रॅकर अ‍ॅपमध्ये चेहरा दाखवावा लागतो आणि त्याआधीच्या केवायसीला, म्हणजे ओळख पटवायला, ओटीपी लागतो, तो ओटीपी जातो नवऱ्याच्या फोनवर, तो कंपनीत शिफ्टवर, फोन लॉकरमध्ये, आणि सेविका नि गरोदर बाई दोघी दारात ताटकळत. आपला फोन आपल्या हातात असला की पाच मिनिटांचं काम.

तपासण्या आणि बाळाचे डोस लिहितात ते माता बाल संरक्षण कार्ड मात्र जीवापाड जपा, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि प्रत्येक पानाचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा. गरोदरपणाची नोंद आणि निदान एक तपासणी सहा महिन्यांच्या आत झालेली त्यावर दिसली तर मातृवंदनेचा पहिला हप्ता, आणि बाळाची जन्मनोंद होऊन १४ आठवड्यांपर्यंतचे लसीचे डोस पूर्ण झाले की दुसरा. माहेरच्या उपकेंद्रात नवीन कार्ड करून देतो म्हणाले तरी हेच पुढे करा, डोस याच कार्डावर लिहून घ्या. लोहाच्या उरलेल्या गोळ्या बरोबर घ्या, आणि गेल्या गेल्या तिथल्या आशाताई आणि अंगणवाडी सेविकेला भेटा, आहार तिकडे चालू करायला नाव ट्रॅकरवर तिकडे वळवावं लागतं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, ती चुकवू नका.

सरकारी दवाखान्यात डिलिव्हरी मोफत, सिझर झालं तरी मोफत, औषधं, रक्त, तिथलं जेवण सगळं. गाडीसाठी १०२ नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हवा. कोणी पैसे मागितले तर गप्प बसून देऊ नका, वरिष्ठांकडे तक्रार करा, ही काही कोणाची मेहेरबानी नाही.

जन्माची नोंद बाळ जिथे जन्मलं तिथेच होते, सासरच्या ग्रामपंचायतीत होत नाही, हे सासरच्यांना आधीच सांगून ठेवा. मुदत २१ दिवस. नाव ठरलं नसलं तरी नोंद होते, नाव नंतर चढवता येतं, त्यामुळे बारशाची वाट बघू नका. दाखल्याच्या दोनतीन प्रती घेऊनच परत या, नाहीतर एका कागदासाठी परत एवढा प्रवास, तोही तान्ह्या बाळाला घेऊन.

मुलगी झाली आणि रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी असेल तर लेक लाडकी योजनेचा अर्ज सेविकेकडेच भरायचा, १ एप्रिल २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलींना टप्प्याटप्प्याने १,०१,००० रुपये आहेत. त्याला तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तो काढायचं काम नवऱ्याकडे सोपवा, तुम्ही माहेरी आहात तोवर त्याने ते करून ठेवावं.

परत आल्यावर नाव पुन्हा सासरच्या अंगणवाडीत वळवून घ्या आणि बाळाचं वजन दर महिन्याला करायला लावा, कार्डावरच्या आलेखात टिंब आपल्या समोर काढून घ्या. रेषा सपाट झाली किंवा खाली वळली तर पुढच्या महिन्यापर्यंत थांबू नका, त्याच दिवशी सिस्टरला दाखवा.