ऑफिस किंवा रेस्टॉरंट ग्रीन करायचंय? सोलरच्या आधी हे करा

ग्रीन बिल्डिंग म्हटलं की लोक डायरेक्ट सोलर आणि लॉबीतल्या हिरव्या भिंतीवरच येतात, पण सुरुवात मीटरपासून करा.

ऑफिस असेल तर रात्री सगळे गेल्यावर रीडिंग घ्या, सकाळी कोणी यायच्या आत परत घ्या. मधल्या वेळात गेलेली वीज नक्की कोणी खाल्ली? सर्व्हर समजू शकतो, पण बरेचदा एसीचे ब्लोअर, वॉटर डिस्पेन्सर, प्रिंटर, मीटिंग रूमचे टीव्ही सगळं रात्रभर चालूच असतं. इलेक्ट्रिशियनला सोबत घेऊन सर्व्हर सोडून एकेक लाइन बंद करून बघा, कुठल्या लाइनला मीटर मंदावतो ते कळेल, तिथे टायमर लावा. एसी 24 ते 26 वर ठेवा. फक्त वीज वाचवायला बाहेरची ताजी हवा बंद करू नका हां, दुपारी मीटिंग रूममध्ये सगळे पेंगायला लागतात ते उगाच नाही, श्वासातला कार्बन डायऑक्साइड खोलीत साठतो, त्याचा सेन्सर लावला की माणसं असतील तेवढीच हवा आत घेता येते.

रेस्टॉरंटचं गणित वेगळं. तिथे खरा चोर म्हणजे किचनचा एक्झॉस्ट. तो धुरासोबत डायनिंगमधली थंड केलेली हवा पण ओढून बाहेर फेकतो, म्हणजे एसीचे पैसे सरळ डक्टमधून गेले. किचनच्या दारात टिश्यू पेपर धरा, तो जोरात आत ओढला गेला तर मेकअप एअर, म्हणजे बाहेरून किचनला मिळणारी हवा, कमी पडतेय. शेगड्या भिंतीला टेकवा, हुडला, म्हणजे शेगडीवरच्या धूर ओढणाऱ्या छत्रीला, दोन्ही बाजूंनी पत्रा लावा, मग कमी हवेत तेवढाच धूर ओढला जातो आणि फॅनला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारं यंत्र, लावून स्पीड कमी करता येतो. स्पीड 20 टक्के कमी केला की फॅनची वीज जवळपास निम्मी होते. गर्दी नसताना फुल स्पीड कशाला?

बाकी किरकोळ कामं: फ्रिजच्या दारात कागद अडकवा, सहज निघाला तर रबर बदला. फ्रिजच्या कंडेन्सरवरची, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवरची, धूळ काढा. भांडी धुवायच्या जागी कमी पाण्याचा स्प्रे, बेसिनच्या नळांना एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळून धार कमी करणारी जाळी. रंगकाम निघालं तर लो व्हीओसी पेंट, म्हणजे हवेत उडणारी रसायनं कमी असलेला रंग.

सर्टिफिकेट हवं असेल तर लीड (LEED) या ग्रीन बिल्डिंग रेटिंगमध्ये चालू बिल्डिंगसाठी प्रत्यक्ष वीज-पाण्याचा डेटाच मागतात, त्यामुळे मीटरची रीडिंग वहीत लिहून ठेवा आणि ती वही फेकू नका.