एन्क्रिप्शन चालू करण्याआधी

लॅपटॉप चोरीला गेला तर आतली माहिती कुणाच्या हाती लागू नये, एवढीच गरज असेल तर अख्ख्या डिस्कचं एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं माहितीचं रूपांतर, पुरतं. मात्र लॉगिन झालं की डिस्क उघडीच असते. तुम्हाला फायली जशा दिसतात, तशाच मालवेअरलाही दिसतात. मेलने पाठवलेल्या किंवा क्लाउडवर चढवलेल्या फायलींनाही त्याचा उपयोग नाही. म्हणून आधी कागद घ्या आणि कोणती माहिती, कुठे कुठे, कुणापासून लपवायची ते लिहा. डाउनलोड फोल्डर, जुने पेन ड्राइव्ह आणि बॅकअपची डिस्क या यादीतून हमखास सुटतात.

अल्गोरिदमवर फार डोकं शिणवू नका. एईएस ही एन्क्रिप्शनची पद्धत २००१ पासून प्रमाण आहे, किल्ली १२८ बिटांची घ्या नाहीतर २५६. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर, मॅकवर फाइलव्हॉल्ट, लिनक्सवर लक्स, डिस्क एन्क्रिप्ट करायची ही साधनं आयतीच मिळतात. वेगवेगळ्या सिस्टिमवर फिरणाऱ्या पेन ड्राइव्हला व्हेराक्रिप्ट हा प्रोग्राम बरा, पण समोरच्या संगणकावर अ‍ॅडमिनचे अधिकार नसतील तर तो ड्राइव्ह तिथे उघडणार नाही. सुट्या फायली पाठवायच्या असतील तर झिपमधला झिपक्रिप्टो हा जुना पर्याय टाळा: आतल्या एखाद्या फाईलचे जेमतेम १२ बाइट आधी ठाऊक असले तरी तो पासवर्डशिवाय फोडता येतो. सेव्हन-झिप या प्रोग्राममध्ये सेव्हन-झेड हा फाईलचा प्रकार निवडा आणि फायलींची नावं एन्क्रिप्ट करायच्या चौकटीत खूण करायला विसरू नका. नाहीतर आतला मजकूर कुलपात आणि ‘पगारवाढ नाकारलेले’ हे नाव चव्हाट्यावर. पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहू नका, फोनवर सांगा.

खरी मेहनत किल्लीवर घ्यायची. पासफ्रेज, म्हणजे अनेक शब्दांचा पासवर्ड, मनाने रचू नका. ७,७७६ शब्दांच्या यादीतून फासे टाकून सहा शब्द काढले की सुमारे ७७ बिटांची ताकद मिळते आणि ते पाठही होतात. बिटलॉकरची रिकव्हरी की, म्हणजे नेहमीच्या मार्गाने डिस्क उघडली नाही तर लागणारी राखीव किल्ली, ४८ अंकी असते. ती छापा, शेजारी तिचा आयडी आणि यंत्राचं नाव लिहा, आणि कागद लॅपटॉपची बॅग सोडून दुसरीकडे कुठेही ठेवा. कुलूप पडल्यावर पडद्यावर आयडी दिसतो. घरात तीन यंत्रं असली तर कोणता कागद कुणाचा हे त्यावरूनच कळतं. फक्त त्याच लॅपटॉपवरच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवलेली की गरजेच्या वेळी आत अडकलेली असते. लक्सचं हेडर, म्हणजे डिस्कच्या सुरुवातीचा किल्ली साठवणारा भाग, खराब झालं तर अचूक पासफ्रेजही कामाचा नाही, त्यामुळे हेडरचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर हवाच.

मग संपूर्ण बॅकअप घ्या, त्यातल्या दोन-तीन फायली दुसऱ्या यंत्रावर उघडून बघा, चार्जर लावा. बिटलॉकर विचारतो: फक्त वापरलेली जागा की पूर्ण ड्राइव्ह? नव्याकोऱ्या डिस्कला पहिला पर्याय चालतो. वापरलेल्या डिस्कला दुसराच, कारण पुसलेल्या फायली रिकाम्या दिसणाऱ्या जागेत पडून असतात. एसएसडीवर तर वरून पुन्हा लिहिलं तरी जुने तुकडे उरू शकतात, म्हणून एन्क्रिप्शन आधी आणि गोपनीय माहिती नंतर, हाच क्रम.

काम शंभर टक्के झालं का ते पाहा, यंत्र बंद करून चालू करा. बॅकअपची डिस्कही एन्क्रिप्ट करा, तेही वेगळ्या पासफ्रेजने. बायोस (यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर) अपडेट करण्यापूर्वी बिटलॉकर तात्पुरता थांबवा. नाहीतर बदललेलं फर्मवेअर पाहून किल्ली सांभाळणारी टीपीएम चिप ती देत नाही आणि तो ४८ अंकी कागद शोधावा लागतो. प्रवासात झाकण नुसतं मिटू नका, यंत्र बंद करा. स्लीपमध्ये किल्ली मेमरीतच असते.

पासफ्रेज बदललात तर लक्सच्या हेडरचा जुना बॅकअप नष्ट करा आणि नवा घ्या. डिस्कची मूळ किल्ली तीच राहते, त्यामुळे जुनं हेडर आणि जुना पासफ्रेज ज्याच्याकडे आहे, त्याला डिस्क अजूनही उघडता येते.