डिफरेन्शियलचे हौसिंग खोलण्याआधी आवाज ओळखा

गेल्या हंगामात लासलगावला कांदा वाहणारी एक पिकअप माझ्याकडे आली. मागून घूं-घूं येते म्हणून तिच्या डिफरेन्शियलचे, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या गिअरपेटीचे, क्राऊन-पिनियन (मोठे दातेरी चाक आणि त्याला फिरवणारे छोटे) दुसरीकडे आधीच बदलून झाले होते, तरी आवाज होता तसाच. दोष निघाला मागच्या डाव्या चाकाच्या बेअरिंगचा. ऐन हंगामात त्या दादांचे पैसेही गेले आणि खेपाही. असे कुणाचे होऊ नये, म्हणून मी आधी पाना हातात घेत नाही, ड्रायव्हरशेजारी जाऊन बसतो.

काँक्रीटवरून डांबरावर आल्यावर आवाज बदलला, तर तो टायरचा. मोकळ्या रस्त्यावर ५०-६० च्या वेगात अ‍ॅक्सिलरेटर दाबा, मग पाय काढा. दाबल्यावर रडते आणि सोडल्यावर गप्प होते, किंवा याच्या उलट, तर संशय क्राऊन-पिनियनच्या दातांवर. राहुड घाट उतरताना, पाय काढलेला असताना, हे फार स्वच्छ ऐकू येते. दाबा-सोडा, फरकच नाही, नुसता वेगाबरोबर वाढतो, तर बेअरिंग. टेल पिनियन, म्हणजे तेच छोटे चाक, क्राऊनच्या साधारण चौपट फिरते, त्यामुळे त्याच्या बेअरिंगचा आवाज बारीक असतो आणि कमी वेगातच सुरू होतो. उजव्या वळणाला वाढतो, डाव्याला कमी होतो, तर बहुधा डाव्या चाकाचे बेअरिंग. त्या पिकअपचे हेच होते. सरळ रस्त्याला शांत आणि कुठेही वळले की खरखर, तर डिफरेन्शियलच्या आतले छोटे स्टार गिअर आणि त्यांचे वॉशर बघा.

क्लच सोडताना ‘टक्क’ वाजत असेल, तर आधी प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून मागे येणाऱ्या लांब दांड्याचा) क्रॉस, म्हणजे त्याचा सांधा, तपासा. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, चाकांना ओट (गाडी सरकू नये म्हणून अडण) लावलेली. शाफ्ट हाताने मागेपुढे फिरवा. मग पिनियनचा फ्लँज (शाफ्ट जिथे बोल्टने जोडतात ती चकती) धरून वर-खाली हलवा. तिथे जराही हलला, तर पिनियनचे बेअरिंग गेले.

आता तेल. फिलर (तेल भरायचा) बोल्ट आधी सैल करा, मगच ड्रेन (तेल काढायचा). ड्रेन काढून बसलात आणि फिलर जाम निघाला, तर गाडी जागेवरच अडकते. ड्रेन बोल्टच्या चुंबकावरचा लेप दोन बोटांत चोळून उन्हात धरा. राखाडी, लोण्यासारखा मऊ असेल तर काळजी नाही. चमकणारे पापुद्रे बोटाला टोचले, तर हौसिंग, म्हणजे त्या पेटीचे कवच, खोलावेच लागेल. ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारे भोक, तेही साफ करा. तो चिखलाने बुजला की आत दाब वाढून सीलमधून तेल गळते आणि थेट ब्रेकच्या ड्रमात जाते.

खोलताना बेअरिंग कॅपवर पंचने डावी-उजवी खूण करा, त्यांची अदलाबदल चालत नाही. क्राऊन आणि पिनियन जोडीनेच बदला. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेजने तीन-चार जागी मोजा. बऱ्याच गाड्यांत तो ०.१५ ते ०.२० मि.मी.च्या आसपास असतो, पण आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडाच धरा.

यापुढचे काम घाईचे नाही. माझे वस्ताद तेलात शेंदूर कालवून दातांना लावायचे. शेंदरात शिसे असते, म्हणून मी प्रशियन ब्ल्यू हा ठसा घ्यायचा निळा रंग वापरतो. आठ-दहा दातांना पातळ हात द्या, क्राऊनला लाकडाने थोडा अडथळा देऊन दोन्हीकडे फिरवा आणि ठसा वाचा. दाताच्या मधोमध उमटला, तर जमले. मुळाशी उमटला तर पिनियन फार आत गेलेय, त्याच्या डोक्यामागची शिम (अंतर जुळवणारी पातळ चकती) पातळ करा. शेंड्यावर उमटला तर जाड करा. शिम बदलली की बॅकलॅश पुन्हा मोजा. मला एकदा हे पाच वेळा खोलावे लागले. पाचव्यांदा ठसा मधोमध आला, आणि ती गाडी अजून शांत चालते.

जोडल्यावर पुस्तिकेतल्या ग्रेडचेच तेल, बहुधा जीएल-५ प्रतीचे गिअर ऑइल, फिलरच्या काठापर्यंत भरा. पहिली फेरी वीस मिनिटांची, रिकामी. मग हौसिंग पूर्ण गार होऊ द्या. ८०० किलोमीटरपर्यंत जड माल भरू नका. त्यानंतर तेल बदला आणि ते चुंबक पुन्हा एकदा बोटांत चोळून बघा.